सोळाव्या वर्षाचा परवाना : गिअरविरहित दुचाकी, जाहिरात आणि किशोरवय (१९७२ ते २०१९)

प्रस्तावना

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या चौथ्या कलमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीस सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविण्यास मनाई केली आहे. त्याच कलमाला जोडलेल्या परंतुकाने मात्र सोळा वर्षे पूर्ण केलेल्या मुलामुलींना एका विशिष्ट प्रकारची दुचाकी चालविण्याची मुभा दिली. हे परंतुक जेमतेम दोन ओळींचे आहे. तथापि शहरी महाराष्ट्रातील, विशेषतः पुण्यासारख्या शहरातील, मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दृष्टीने त्या दोन ओळींना वेगळेच महत्त्व प्राप्त झाले. दहावीची परीक्षा सर्वसाधारणपणे पंधराव्या-सोळाव्या वर्षी होते. शाळा सुटते, घरापासून दूरचे कनिष्ठ महाविद्यालय मिळते, पहाटेची किंवा सायंकाळची शिकवणी सुरू होते, आणि नेमक्या त्याच वयात कायदा परवान्याचे दार किलकिले करतो. दुचाकी उत्पादकांच्या जाहिरातींनी जे वय हेरले, तेही हेच होय.

जाहिरातीने किशोरवयीनांना वाहनाकडे वळविले, हे विधान सर्वमान्य व्हावे. परंतु परवान्याकडे वळविले काय, हा प्रश्न निराळा आहे. लवकर गाडी मिळणे आणि लवकर परवाना मिळणे या दोन गोष्टी बोलण्यात एकच मानल्या जातात. इतिहासात मात्र त्या एकमेकींपासून दूर जात राहिल्या. प्रस्तुत निबंधात या फारकतीचा मागोवा घेतला आहे.

मोपेडचे आगमन आणि अठरा वर्षांची मर्यादा

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यातही वाहन चालविण्याची किमान वयोमर्यादा अठरा वर्षे हीच होती. त्या काळी ती फारशी कोणास जाचक वाटण्याचे कारण नव्हते. मोटार ही धनिकांची वस्तू होती, मोटारसायकल दुर्मीळ होती, आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे वाहन म्हणजे सायकल असे समीकरण पक्के होते. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. सायकलला परवान्याचे वय नसते. त्यामुळे वयाची अट आणि विद्यार्थ्याची गरज यांची गाठच पडत नव्हती.

ही गाठ मोपेडने घालून दिली. कायनेटिक इंजिनिअरिंग या कंपनीने १९७२ मध्ये लूना बाजारात आणली. पियाजिओ या इटालियन कंपनीच्या चाओ या मोपेडवर ती आधारलेली होती. ५० घनसेंटीमीटरचे, म्हणजे लोकांच्या बोलीत ५० सीसीचे, इंजिन, सायकलसारखे पायडल, गिअर नाही, क्लच नाही. जिला सायकल येते अशा कोणालाही ती अर्ध्या तासात जमावी, अशीच तिची रचना होती. सायकल आणि स्कूटर यांच्यामधली ही पायरी होती. आणि याच पायरीमुळे सायकल चालविणारा मुलगा व परवाना काढणारा प्रौढ यांच्यातील सीमारेषा पुसट झाली. घरात उभी असलेली लूना वडिलांची खरी, परंतु ती चालविण्याचे कौशल्य मुलाकडे आधीच असे.

लूनाची जाहिरात या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ऑगिल्व्ही या जाहिरात संस्थेत काम करणाऱ्या पीयूष पांडे यांनी घडविलेले ‘चल मेरी लूना’ हे घोषवाक्य १९८० च्या दशकात घरोघरी पोहोचले. दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती १९७६ पासून सुरू झाल्या होत्या आणि १९८२ नंतर रंगीत प्रक्षेपणाबरोबर दूरचित्रवाणी संचांचा प्रसारही झपाट्याने झाला, याचा लाभ या घोषवाक्यास झाला. त्यातला सूर आज्ञेचा नाही, लाडाचा आहे. घोड्याला किंवा बैलाला हाक मारावी तसा. वाहन ही जबाबदारी असून त्यास काही नियम लागू आहेत, असे या सुरातून सूचित होत नाही. अर्थात जाहिरातीने ते सूचित करावे अशी अपेक्षा त्या काळी कोणी केलीही नव्हती. जाहिरातदारांनी स्वयंनियमनासाठी स्थापन केलेली अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्थादेखील १९८५ मधली आहे.

साडेपाच वर्षांची सवलत

१९८८ चा कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला. त्यातील चौथ्या कलमाच्या मूळ परंतुकात सोळा वर्षांवरील व्यक्तीस ‘गिअर नसलेली मोटारसायकल’ चालविण्याची मुभा होती. इंजिनाच्या क्षमतेचा त्यात उल्लेख नव्हता. सातव्या कलमाने अठरा वर्षांखालील अर्जदारास शिकाऊ परवाना देताना त्याच्या पालनपोषणाची जबाबदारी असणाऱ्या व्यक्तीची लेखी संमती आवश्यक ठरविली. म्हणजे मुलाचा अर्ज आणि पालकाची सही अशी जोडी कायद्यानेच बांधली. जाहिरातीचा श्रोतृवर्गही त्यामुळे दुहेरी झाला : हट्ट धरणारे एक, पैसे देणारे व सही करणारे दुसरे.

या मूळ शब्दयोजनेचा अर्थ लक्षात घेतला पाहिजे. होंडा या जपानी कंपनीशी १९८४ मध्ये झालेल्या सहकार्यातून आलेली कायनेटिक होंडा ही स्कूटर ९८ सीसीची होती, पण तिला हाताने बदलावयाचे गिअर नव्हते आणि ती बटणावर सुरू होत असे. बजाज ऑटोने १९९० च्या सुमारास आणलेली सनी ही ६० सीसीची छोटी गाडीही गिअरविरहित होती. मूळ परंतुकाच्या शब्दांनुसार या दोन्ही गाड्या सोळा वर्षांच्या परवानाधारकास चालविता येत होत्या. ज्या बजाजची चेतक मिळविण्यासाठी लोक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहिले होते, त्याच कंपनीला आता महाविद्यालयीन मुलामुलींसाठी वेगळी गाडी काढावीशी वाटावी, हा बदल लहान नव्हे. १९८९ मध्ये गाजलेली ‘हमारा बजाज’ ही लिंटासची जाहिरातमोहीम अख्ख्या कुटुंबाला, किंबहुना अख्ख्या देशाला उद्देशून होती. सनीचा ग्राहक मात्र घरातला एकच जण होता आणि तो वयाने सर्वांत लहान असण्याचा संभव होता.

हा काळ साडेपाच वर्षेही टिकला नाही. १९९४ च्या दुरुस्ती कायद्याने परंतुकातील ‘गिअर नसलेली मोटारसायकल’ हे शब्द काढून त्यांच्या जागी ‘५० सीसीपेक्षा अधिक क्षमता नसलेली मोटारसायकल’ असे शब्द घातले. ही दुरुस्ती १४ नोव्हेंबर १९९४ रोजी, म्हणजे योगायोगाने बालदिनी, अमलात आली. दुरुस्तीमागचा हेतू समजण्याजोगा आहे. शंभर सीसीच्या आसपासची गाडी गिअर नसली तरी वेगाने धावते, आणि गिअर नसण्याचा सुरक्षिततेशी संबंध नाही. उलट नुसत्या मुठीच्या पिळाने वाढणारा वेग नवशिक्याला अधिक घातक ठरू शकतो. तरीही या दुरुस्तीत एक विसंगती राहून गेली. चौथ्या कलमात क्षमतेचा निकष आला. परंतु सातव्या कलमातील पालकसंमतीची तरतूद आणि दहाव्या कलमातील परवान्यांची वर्गवारी यांत ‘गिअर नसलेली मोटारसायकल’ हाच शब्दप्रयोग कायम राहिला. एका कलमात सीसी, दुसऱ्यात गिअर. सामान्य पालकाने यातून ‘गिअर नसेल तर सोळाव्या वर्षी चालते’ एवढाच अर्थ घेतला असल्यास त्यास सर्वस्वी दोष देता येत नाही. हा समज आजही अनेक घरांत ऐकू येतो.

गाड्या मोठ्या झाल्या, नियम तेथेच राहिला

दुरुस्तीनंतर बाजारपेठ ५० सीसीकडे वळेल अशी अपेक्षा असल्यास ती फोल ठरली. टीव्हीएस कंपनीची स्कूटी १९९४ च्या सुमारास आली ती ६० सीसीची. २००० पासून लागू झालेल्या उत्सर्जन निकषांमुळे लहान टू-स्ट्रोक इंजिनांचे दिवस भरत आले. फोर-स्ट्रोक इंजिन ५० सीसीत दोन माणसांना घेऊन चढ चढू शकत नाही, म्हणून क्षमता वाढत गेली. स्कूटी पेप ७५ सीसीची आणि तिची पुढची आवृत्ती ८७.८ सीसीची झाली. होंडाची अ‍ॅक्टिव्हा आणि हिरो होंडाची प्लेझर या दोन्ही १०२ सीसीच्या होत्या. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्कूटीची जी एक आवृत्ती बाजारात आली तिचे नावच ‘टीन्झ’ असे होते, आणि तिचे इंजिन ६० सीसीच्या जवळपास होते. ‘टीन’ या संज्ञेत अठरा आणि एकोणीस ही वर्षेही येतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या नावाने ज्या सात वर्षांना हाक मारली, त्यांतील पहिल्या पाच वर्षांना ती गाडी रस्त्यावर चालविण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता.

येथे एका गोष्टीचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे, अन्यथा हा इतिहास एकांगी होईल. लहान गिअरविरहित दुचाकीने मुलींना जे दिले ते जाहिरातीतील अतिशयोक्ती वजा केल्यावरही मोठेच उरते. साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये किक मारून गिअरची स्कूटर चालविणे गैरसोयीचे होते. बटणावर सुरू होणारी, वजनाने हलकी, पाय ठेवण्यास सपाट जागा असलेली गाडी ही केवळ यांत्रिक सुधारणा नव्हती. शहरातील बससेवा अपुरी. रिक्षा रोज परवडत नाही. संध्याकाळी शिकवणीहून परतणाऱ्या मुलीला आणावयास भावाने किंवा वडिलांनी जायचे, अन्यथा शिकवणी बंद. अशा घरांत स्कूटी आली म्हणजे अकरावी-बारावीची विज्ञान शाखा शक्य झाली, असेही घडले. पुण्याच्या रस्त्यांवर चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून दुचाकीवरून जाणाऱ्या मुलींचे जे दृश्य बाहेरच्यांना नवलाचे वाटे, त्यामागे हा सगळा हिशेब होता. २००५-०६ मध्ये प्लेझरच्या जाहिरातीत प्रियांका चोप्रा यांच्यामार्फत ‘सारी मजा मुलांनीच का करावी’ अशा आशयाचा इंग्रजी प्रश्न विचारण्यात आला. स्कूटीच्या जाहिरातींत प्रीती झिंटा दिसत. या जाहिरातींनी मजेची भाषा वापरली. वास्तविक पणाला लागलेली गोष्ट मजेपेक्षा कितीतरी अधिक गंभीर होती : मुलीने कोणावरही अवलंबून न राहता घराबाहेर पडून घरी परतणे.

आणि म्हणूनच परवान्याचा प्रश्न टाळता येत नाही. मुलाकडे परवाना नसला तर दंड भरून सुटावे, अशी घराघरांतली वृत्ती. मुलीच्या बाबतीत चौकात पोलिसाने अडविणे हा प्रसंग केवळ दंडाचा राहत नाही. ‘म्हणूनच सांगत होतो, गाडी नको’ या वाक्याला तो निमित्त पुरवितो. जिला गाडीची गरज सर्वाधिक, तिचे स्वातंत्र्य सर्वांत कच्च्या कागदावर उभे होते.

परवान्याची जाहिरात कोणी केली?

वाहनाची जाहिरात उत्पादक करतो. परवान्याची जाहिरात करण्यात त्याचा थेट लाभ नाही. महिलांना दुचाकी शिकविण्याचे उपक्रम काही कंपन्यांनी हाती घेतले, त्यांचे श्रेय त्यांना द्यावयास हवे. परंतु वर उल्लेखिलेल्या गाजलेल्या घोषवाक्यांत परवान्यास स्थान नव्हते. ‘लायसन्स’ हा शब्द ठळक अक्षरांत रंगविलेला दिसे तो मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या पाट्यांवर आणि आरटीओच्या आसपासच्या एजंटांच्या फलकांवर. तेथे विकले जात होते ते परवान्याचे महत्त्व नव्हे. रांग टळण्याची सोय विकली जात होती. किशोरवयीन मनावर परवान्याचा पहिला संस्कार हा असा, एक कटकट आणि ती मिटविणारा मनुष्य, या रूपात झाला.

कायद्यातील मार्ग तसा सोपा होता. शिकाऊ परवाना सहा महिन्यांसाठी मिळे, तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याच्या परीक्षेस बसता येई. सोळाव्या वर्षी हे सर्व पूर्ण केलेला विद्यार्थी अठराव्या वर्षी दोन वर्षांचा अनुभव घेऊन मोठ्या गाडीकडे गेला असता. कल्पना वाईट नव्हती. तिला लोकांपर्यंत नेण्याचे काम मात्र कोणाचेच नव्हते.

लवकर परवाना काढण्यास किशोरवयीनांना प्रवृत्त करणे शक्य आहे काय, याचे उत्तर जर्मनीच्या उदाहरणात सापडते. तेथे मोटारीच्या परवान्याचे वय अठरा. २००४ मध्ये नीडरझाक्सन या राज्यात प्रायोगिक तत्त्वावर सतराव्या वर्षी परवाना देण्यास आरंभ झाला, अट एवढीच की अठरा पूर्ण होईपर्यंत शेजारी नोंदणीकृत सोबती बसला पाहिजे. तो किमान तीस वर्षांचा आणि पाच वर्षांपासून परवाना असलेला हवा. १ जानेवारी २०११ पासून ही पद्धत देशभर कायमची झाली. या योजनेचा प्रचार शासनाने आणि रस्तासुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थांनी मिळून केला, आणि तो थेट सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना उद्देशून केला : लवकर अर्ज करा, लवकर शिका, सोबत कोणीतरी असू द्या. अशा रीतीने शिकलेल्या चालकांचे एकट्याने वाहन चालविण्याच्या पहिल्या वर्षातील अपघात इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी असल्याचे तेथील संघीय महामार्ग संशोधन संस्थेच्या मूल्यमापनात आढळले. जर्मनीतील मोटार आणि भारतातील मोपेड यांची बरोबरी करता येणार नाही. मुद्दा इतकाच की तेथे जाहिरातीचा विषय परवाना हा होता. वाहन कोणते, हे त्या जाहिरातीस महत्त्वाचे नव्हते.

‘लायसन्स नको’

भारतीय दुचाकीच्या जाहिरातीत परवाना हा शब्द अखेर ठळकपणे आला, परंतु नकारार्थी. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, विहित अटी पाळणारी विजेवरील दुचाकी मोटार वाहनाच्या व्याख्येत येत नाही. २००६-०७ च्या सुमारास अशा गाड्यांची लाट आली, तेव्हा विक्रेत्यांच्या फलकांवरील पहिले आकर्षण ‘लायसन्सची गरज नाही, रजिस्ट्रेशनची गरज नाही’ हे होते. दर किलोमीटरचा खर्च त्याखाली येई. कायद्याच्या दृष्टीने दावा खरा होता. पण ज्या पिढीला परवाना म्हणजे कटकट एवढेच शिकविले गेले, तिच्यापुढे परवान्याचा अभाव हाच गुण म्हणून मांडला जाणे, ही त्या शिकवणीची स्वाभाविक परिणती म्हटली पाहिजे.

दरम्यान शिक्षेचे स्वरूप बराच काळ सौम्य राहिले. १९८८ च्या कायद्यानुसार वयाची किंवा परवान्याची अट मोडणाऱ्यास ५०० रुपयांपर्यंत आणि अशा व्यक्तीस वाहन चालवू देणाऱ्या मालकास १,००० रुपयांपर्यंत दंड होता. दोहोंसाठी तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद होती, पण सामान्य माणसाच्या बोलण्यात ती कधी आली नाही. रुपयाचे मूल्य घसरत गेले, दंडाचा आकडा तेथेच राहिला. २०१९ च्या दुरुस्तीने हे चित्र एकाएकी पालटले. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी ही शिक्षा आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांत सुमारे ४४.५ टक्के दुचाकीस्वार होते, हे ध्यानात घेता कठोरतेस आक्षेप घेणे अवघड आहे. प्रश्न आहे तो कठोरतेबरोबर कोणता खुला मार्ग ठेवला गेला, याचा.

मार्ग कागदावर आहे. त्याच कलमात असे म्हटले आहे की मुलास शिकाऊ किंवा पक्का परवाना मिळालेला असेल, आणि त्या परवान्यात बसणारेच वाहन तो चालवीत असेल, तर पालकास ही शिक्षा लागू होणार नाही. चौथ्या कलमातील सोळा वर्षांचे परंतुकही या दुरुस्तीने जागचे हलविले नाही. म्हणजे आपल्या मुलीस सोळाव्या वर्षी रीतसर परवाना काढून देऊ इच्छिणाऱ्या पालकास अर्ज करता येतो, संमतीपत्रावर सही करता येते. पुढे नवव्या कलमाप्रमाणे परीक्षा अर्जातील प्रकारच्याच वाहनावर द्यावी लागते, तेव्हा ५० सीसीची गाडी घेऊन आरटीओच्या मैदानावर हजर व्हावे लागते. विजेच्या गाडीला सीसी हे मापच लागू पडत नाही. मोपेड म्हणून उरलेली टीव्हीएसची एक्सएल १०० ही जवळपास १०० सीसीची आहे. विक्रेत्याच्या दालनात ५० सीसीची पेट्रोलची नवी गाडी मिळत नाही. कोणाच्या तरी वाड्यात, जिन्याखाली, ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेली जुनी लूना शोधावी लागते, आणि तिची नोंदणी अद्याप वैध आहे काय, हे आधी पाहावे लागते.